ढाब्यावर दूध-तूप-मटणाविना एक जेवण: सगळं खाणाऱ्यांनी कसं मागवावं

गेल्या हिवाळ्यापासून आमच्या ओळखीतल्या चार-पाच घरांनी हा प्रयोग केला. सगळे मटण-अंडी खाणारे, दिवसातून तीनदा दुधाचा चहा पिणारे. व्हीगन कोणालाच व्हायचं नव्हतं. जनावरापासून आलेलं काहीही नसलेलं जेवण एकदा बाहेर जाऊन पोटभर जेवून बघायचं, एवढीच हौस. आणि जवळजवळ सगळ्यांचं गाडं एकाच जागी अडलं. ढाब्यावर बसले, मेनूकार्ड उघडलं, त्यात 'व्हीगन' काही दिसेना. मग पनीरची भाजी पनीर न घालता मागवली. पाणचट ग्रेव्ही आली, वातड रोटी आली आणि घरी येऊन 'याच्यात काही दम नाही' असा निकाल लागला.

दम होता, मागवायची रीत चुकली. कारंजा, दारव्हा, मंगरूळपीर या विदर्भातल्या आमच्या पट्ट्यातल्या कुठल्याही बऱ्या खानावळीत असे आठ-दहा पदार्थ होतात, ज्यांच्यात दूध-तूप कधी पडतच नाही. ते आपण लहानपणापासून खातो, म्हणून ते या यादीत बसतात हे डोक्यात येत नाही. ज्या पदार्थातून काहीतरी काढावं लागतं तो या जेवणासाठी मागवायचाच नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत, आणि त्या क्रमाने केल्या तरच जमतं.

## १. घरीच ठरवा: काय नको आणि किती काटेकोर

'दूध-तूप नको' एवढं पुरत नाही. पूर्ण यादी अशी: मटण, चिकन, मासे, अंडी, दूध, दही, ताक, साय, लोणी, तूप, पनीर, खवा, दूध पावडर, आणि मध. धान्य, डाळी, भाज्या, फळं, तेल, दाणे, गूळ, साखर, मसाले हे सगळं चालतं. डालडा, म्हणजे वनस्पती तूप, तेलापासूनच बनतं, त्यात दूध नसतं. तब्येतीसाठी नको असेल तर जरूर टाळा, पण तो निराळा मुद्दा आहे.

मग किती काटेकोर राहायचं ते ठरवा. एकाच तव्यावर आधी आम्लेट झालं असेल तर चालेल का? एकदा करून बघणाऱ्याने तव्या-कढईचा फार विचार करू नये असं माझं मत आहे. मात्र मटणाच्या रश्श्यातली पळी आपल्या भाजीत आलेली चालवून घेऊ नये. तशी पळी आली की जे चाखायला गेलो तेच चाखायचं राहून जातं. घरातल्या सगळ्यांचं एकमत निघण्याआधी गाडीत बसू नका. आमच्याकडे एकदा भाऊजी म्हणाले, 'थोडं दही तर चालतेच ना,' आणि तो वाद जेवण संपेपर्यंत चालला.

सावधान: कोणाला दुधाची किंवा शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर ढाब्यावरच्या तोंडी उत्तरावर विसंबू नका. भांडी, पळ्या, तेल सगळं एकत्र वापरलं जातं. शिवाय आपल्याकडे फल्लीदाण्याचं कूट चटणीपासून भरल्या वांग्यापर्यंत कुठेही असतं. हा लेख चव घेऊन बघणाऱ्यांसाठी आहे, ॲलर्जी असलेल्यांसाठी नाही.

तपासून घ्या: 'शुद्ध शाकाहारी' पाटी आणि हिरवा ठिपका यांचा इथे उपयोग नाही. हिरव्या ठिपक्यात दूध, दही, मध सगळं बसतं. व्हीगन मालासाठी एफएसएसएआयने (खाद्यपदार्थांचे नियम ठरवणारी केंद्र सरकारची संस्था) २०२२ मध्ये वेगळे नियम केले आणि त्याची खूणही वेगळी आहे: इंग्रजी 'व्ही' अक्षर आणि त्यावर रोपटं. ती खूण पाकिटावर शोधायची असते. ढाब्याच्या पाटीवर ती मिळणार नाही.

## २. पदार्थ निवडा, हॉटेल नंतर

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. घरी कागद घ्या आणि तीन रकाने करा.

पहिला रकाना: मुळातच दूध-तूप नसलेले

- ज्वारीची भाकरी, ठेचा, फोडलेला कांदा. ठेच्यात मिरची, लसूण, मीठ आणि फल्लीचं तेल. त्याच्यासोबत दह्याची वाटी आपोआप येते, तेवढी परत पाठवायची.
- चून. मेनूकार्डावर झुणका, पिठलं किंवा नुसतं 'बेसन' असं लिहिलेलं असेल. बेसन, कांदा, मिरची, तेल.
- पाटोडी रस्सा. बेसन शिजवून थापलेलं, त्यात खोबरं-खसखस-सांभार (कोथिंबीर), आणि वर झणझणीत रस्सा.
- सावजी, म्हणजे नागपूरकडच्या झणझणीत पद्धतीचा, डाळकांदा. हरभऱ्याची डाळ, भरपूर कांदा आणि काळपट भाजलेलं वाटण.
- भरली वांगी, आलू-वांगे, वांग्याचं भरीत. आपल्या भरितात दही नसतं: भाजलेलं वांगं, मिरची, लसूण, कांद्याची पात, फल्लीदाणे.
- शेवभाजी. शेव बेसनाची, रस्सा कांदा-खोबऱ्याचा.
- अकोला-वाशीम-बुलढाण्याकडची मिरचीची भाजी. तुरीची डाळ, पालक, वांगं आणि हिरव्या मिरच्या एकत्र घोटलेल्या.
- वडाभात. डाळींचे वडे भातावर कुस्करायचे आणि वरून मोहरी-हिंगाची, लाल मिरचीची कडकडीत तेलाची फोडणी.
- हिवाळ्यात सोलेभात किंवा सोल्याची भाजी. तुरीच्या ओल्या दाण्यांची ही चव दुसऱ्या कुठल्या हंगामात मिळत नाही. तुम्हाला हा प्रयोग डिसेंबर-जानेवारीत करता आला तर तेव्हाच करा.

दुसरा रकाना: विचारून घ्यायचे

फोडणीचं वरण, डाळभाजी (फोडणी तेलाची की तुपाची?), जिरा राइस, मसालेभात, तंदूर रोटी, सोयावडीची भाजी, चना पोहे आणि तर्री, मंच्युरियन. मंच्युरियनमध्ये सहसा दूध नसतं, पण नूडल्समध्ये अंडं असू शकतं. सोयावडी मागवली तर एक गोष्ट आधी विचारा: वड्या उकळून, दोन-तीनदा पाण्यातून काढून घट्ट पिळता का? न पिळलेल्या वडीला कडवट वास राहतो, आणि सोयाबीन पिकवणारे आम्ही लोकच मग सोयाबीनला नावं ठेवतो. पिळलेली वडी मात्र तर्री आत ओढून घेते आणि चावायला मटणाच्या जवळ जाते.

तिसरा रकाना: या वेळी हात लावायचा नाही

नान, कुलचा, काजू करी, मखनी, शाही, कोफ्ता, बिर्याणी (दही असतं), सोया चाप (मलई किंवा दह्यात मुरवलेला असतो), कढी-गोळे, फुणके-कढी. रोडगेही, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे जाड गोळे, याच रकान्यात. रोडगा फोडून तुपात बुडवायचा असतो, तुपाशिवाय तो खाल्ला तर रोडग्यावरही अन्याय होतो आणि तुमच्यावरही.

तिसऱ्या रकान्याचं कारण समजून घ्या, म्हणजे कुठल्याही नव्या पदार्थाचा निर्णय तुम्हालाच घेता येईल. ढाब्यावर प्रत्येक भाजी सुरुवातीपासून होत नाही. सकाळी दोन-तीन मोठ्या पातेल्यांत ग्रेव्ही तयार असते: एक लाल, कांदा-टमाटरची, एक पांढरी, काजू-मगज वाटलेली आणि त्यात दूध, साय किंवा खवा गेलेला. काही ठिकाणी मखनी वेगळी, तिच्यात बटर आधीच शिजलेलं. तुम्ही दुपारी एक वाजता 'मलई नका टाकू' म्हणता तेव्हा आचारी वरची मलई टाकत नाही, तो खरंच तुमचं ऐकतो. पण पातेल्यातली साय सकाळीच विरघळलेली असते. ती काढता येत नाही. म्हणून पांढऱ्या ग्रेव्हीतून काही 'कमी करून' मागवायच्या भानगडीत पडू नका.

सावजी आणि घरगुती रस्सा याच्या उलट आहे. त्याला दाटपणा येतो तो भाजलेल्या खोबऱ्याने, खसखशीने, तिळाने, फल्लीच्या कुटाने. सगळा स्निग्धपणा बियांचा. 'दुधाशिवाय घट्ट रस्सा कसा होणार' असं ज्यांना वाटतं त्यांनी पाटोडीच्या रश्श्यात भाकरीचा तुकडा बुडवून वर काढावा आणि त्याला काय चिकटून येतं ते बघावं.

तपासून घ्या: पहिल्या रकान्यातले किमान तीन पदार्थ तुमच्या कागदावर आले का? त्यात एक डाळीचा किंवा बेसनाचा हवाच. नुसतं वांगं-आलू-भात घेतलं तर दोन तासांनी भूक लागते. भाकरीसोबत डाळ असली की पोटही भरतं आणि प्रथिनंही पुरी मिळतात, कारण ज्वारीत जे अमिनो आम्ल कमी पडतं ते डाळीत भरपूर असतं.

## ३. जागा आणि वेळ

मोठ्या रस्त्यावरचा झगमगीत फॅमिली ढाबा या कामाचा नाही. तिथला मेनू पनीर आणि नानभोवती फिरतो. बघायची ती जागा म्हणजे भाकरी चुलीवर किंवा गॅसवर हाताने थापणारी खानावळ, सावजी भोजनालय किंवा जिथे आचारी आणि मालक एकच आहेत असा लहान ढाबा. मालक स्वतः कढईपाशी असला की तुमचा निरोप मधल्या मध्ये हरवत नाही.

आठवडी बाजाराचा दिवस टाळा. लग्नाच्या दाट तिथी टाळा. दुपारी साडेबारापर्यंत पोहोचा, गर्दी एकनंतर सुरू होते आणि त्यानंतर कोणाला तुमच्या चार प्रश्नांची उत्तरं द्यायला फुरसत नसते. आमच्या नेहमीच्या जागी भाकरी करणाऱ्या बाई अकराला येतात आणि दोनला घरी जातात. दोननंतर जो जाईल त्याला रोटीच मिळते.

सावधान: सावजी ठिकाणी मुख्य काम मटणाचं. शाकाहारी रश्श्यावर घालायची तर्री कधी कधी मटणाच्याच पातेल्यावरची असते, किंवा पळी एकच असते. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. फसवायचा हेतू नसतो. लालभडक तर्रीने भाजी खुलून दिसते, म्हणून हात सहज तिकडे जातो. तेव्हा आधीच सांगा: 'तर्री याच भाजीची पाहिजे, दुसरी घालू नका.'

## ४. आदल्या दिवशी फोन

ही पायरी लोक हमखास गाळतात, आणि सगळं बिघडतं ते इथेच. पाटोडी आणि भरली वांगी मागितल्याबरोबर होत नाहीत. बारा भाकरी तर नाहीतच.

फोनवर 'व्हीगन' हा शब्द वापरू नका. पहिल्यांदा मी वापरला होता, तालुक्याच्या गावातल्या एका हॉटेलात. पलीकडच्या माणसाने विचार केला आणि म्हणाला, 'समजलं ताई, जैन.' दुसऱ्या दिवशी आमच्यासमोर कांदा-लसूण नसलेली, भरपूर साय घातलेली पनीर भाजी आली. त्या माणसाने मनापासून केलं होतं. शब्द माझा चुकला होता. आता मी असं बोलते:

'भाऊ, उद्या दुपारी सहा जण येतो. ज्वारीच्या भाकरी होतीन का?'

'हाव ताई, होतीन. किती करू?'

'बारा करजा. पाटोडी रस्सा अन् डाळकांदा ठेवजा. पण सारं तेलातच पाहिजे. तूप, बटर, दही, दूध काहीच नाही चालत.'

'उपास हाय का कोणाले?'

'नाही भाऊ, उपास नाही. कांदा-लसूण चालते, झणझणीत करजा. फक्त दूध-तुपाचं काही नको.'

यातलं शेवटचं वाक्य विसरू नका. 'तूप नको' ऐकलं की समोरचा माणूस तीन गोष्टींपैकी एक धरतो: उपास, जैन किंवा आजारपण. उपास धरला तर साबुदाणा करतो, जैन धरला तर कांदा-लसूण गाळतो, आजारी धरला तर तिखट-मीठच कमी करतो. 'कांदा-लसूण चालते, झणझणीत करा' म्हटलं की तिन्ही शंका एकदम मिटतात.

फोन ठेवण्याआधी बोलणाऱ्याचं नाव विचारून घ्या आणि तो उद्या असणार का तेही.

## ५. पोहोचल्यावर चार प्रश्न

प्रश्न विचारायची पद्धत महत्त्वाची आहे. 'याच्यात दूध नाही ना?' असं विचारलं की उत्तर 'नाही नाही' असंच येतं, कारण तुम्हाला काय ऐकायचं आहे ते समोरच्याला कळलेलं असतं. मोकळा प्रश्न विचारा, म्हणजे त्याला सांगावं लागेल.

1. फोडणी कशात देता?
2. वाटणात काय काय घालता?
3. वाढताना वरून काय टाकता?
4. भाकरी-रोटीला काय लावता?

पाटोडीसाठी एक जादा प्रश्न: बेसन पाण्यात शिजवता की ताकात? आपल्याकडे बहुतेक पाण्यातच शिजवतात, पण सुरळीच्या वडीची सवय असलेला आचारी ताक वापरू शकतो.

चौथा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, आणि तो वेटरला विचारून भागत नाही. एकदा मी हात धुवायला मागे गेले तेव्हा भट्टीपाशी दोन मिनिटं उभी राहिले. भट्टीवाल्याच्या उजव्या हाताशी स्टीलचा डबा, त्यात पातळ झालेलं बटर आणि रंगाचा असावा तसा ब्रश. सळईने रोटी काढली, ताटलीत टाकली, ब्रश फिरवला, पुढची. तो ब्रश फिरवताना बघतसुद्धा नव्हता. आमची ऑर्डर वेटरने घेतली होती, आचाऱ्याला सांगितली होती, चिठ्ठीवर 'बिना तूप' लिहिलंही होतं. पण ती चिठ्ठी कढईपाशी अडकवलेली होती, भट्टीपाशी नाही. तेव्हापासून मी स्वतः जाऊन भट्टीवाल्याला सांगते, 'दादा, त्या कोपऱ्यातल्या टेबलाच्या रोट्या कोरड्याच द्या.' एवढं केलं की ब्रश थांबतो.

तपासून घ्या: तुमचा निरोप तिघांपर्यंत गेला का? ऑर्डर घेणारा, कढईवरचा आणि भट्टीवरचा (किंवा भाकरी करणाऱ्या बाई). एकाला सांगितलं म्हणजे सगळ्यांना कळलं असं धरू नका.

## ६. ऑर्डर कोणत्या क्रमाने द्यायची

एकदम सगळं मागवू नका. सहा जण असले की सहा भाज्या मागवायचा मोह होतो. मग सगळं गार होतं, सगळ्या तर्‍या ताटात एकमेकींत मिसळतात आणि कशाची चव कशी होती ते कोणालाच सांगता येत नाही.

आधी ठेचा, कांदा, लिंबू, काकडी आणि पापड. पापड भाजलेला किंवा तेलात तळलेला, मसाला पापड घेतला तर वरून चीज-बिज नको म्हणून सांगा. त्यानंतर एक कोरडा पदार्थ, चून किंवा भरीत, आणि त्याच्याबरोबर माणशी एक गरम भाकरी. हे संपत आलं की एक रस्सा: पाटोडी किंवा डाळकांदा. तीन माणसांत एक पूर्ण प्लेट पुरते, पुन्हा लागली तर मागवता येते. भाकरी दोन-दोन करून मागवा, गार भाकरीवर कुठलाही रस्सा शोभत नाही. भात शेवटी.

पाटोडी, डाळकांदा, चून आणि चना तर्री हे चारही एका जेवणात नको. सगळं हरभऱ्याचं आहे. संध्याकाळी पोट फुगलं की दोष त्या जेवणाला लागतो, खरं तर चूक ऑर्डरची असते. हरभऱ्याचे फार तर दोन पदार्थ घ्या, बाकी वांगं, तूर, पालेभाजी.

टेबलावर कोणाला मटण हवंच असेल तर? जबरदस्ती करू नका, त्याने प्रयोगाचं नाव खराब होतं. फक्त मटण शेवटी मागवायला सांगा. सावजी मटणाचा एक घास गेल्यावर जिभेला पुढचा अर्धा तास दुसरं काही जाणवत नाही. आधी पाटोडी, मग मटण या क्रमाने खाल्लं तर पाटोडीला न्याय मिळतो. आमचे भाऊजी पहिल्या वेळी असेच आले होते, शेवटी मटण मागवायच्या बोलीवर. पाटोडीच्या दुसऱ्या प्लेटनंतर पोटात जागा नव्हती, म्हणून त्यांनी ते मागवलंच नाही.

## ७. ताट समोर आल्यावर

हात घालण्याआधी अर्धा मिनिट बघा.

- रश्श्यावरचा तवंग लाल आणि स्वच्छ असेल तर तेल आहे. कडेला पांढरट, दुधाळ रंग दिसला तर साय किंवा दही आहे.
- वरणावर किंवा भातावर रवाळ, पिवळसर थर आणि तो ओळखीचा वास आला तर तूप पडलं. भाताच्या मुदीवर तूप सोडायची सवय इतकी घट्ट आहे की सांगूनही पडतं.
- भाकरीचा पदर बोटाला चिकट लागतो का ते बघा.
- कोशिंबीर आली असेल तर ती बहुतेक दह्याची असते.

चूक झाली असेल तर आवाज न चढवता सांगा, 'भाऊ, यावर तूप पडलं वाटते. एवढं दुसरं देता का?' बदलून मिळणार नसेल तर ताट फेकायला लावू नका. टेबलावरच्या ज्याला चालतं त्याने ते खावं. शिजलेलं अन्न वाया घालवून कोणताही प्रयोग यशस्वी होत नाही.

## ८. तिखट लागलं तर

या पायरीवर बरेच लोक हरतात. आपल्या जेवणात तिखट झालं की हात दही-ताकाकडे जातो, आणि त्याला कारण आहे. मिरचीतला तिखट घटक पाण्यात विरघळत नाही, दुधातलं प्रथिन मात्र तो जिभेवरून उचलून नेतं. या जेवणात ती सोय नाही. तांब्याभर पाणी पिऊन फायदा नाही, आग तोंडभर पसरते.

त्याऐवजी हे करा. भाकरीचा कोरडा तुकडा किंवा पांढरा भात नुसता चावा, घाई न करता. गुळाचा खडा तोंडात धरा. रश्श्यात लिंबू पिळा, त्याने तिखट थोडं मागे सरतं. मधून मधून काकडी. आणि पहिला घास कोरड्या भाजीचा घ्या, रश्श्याचा नको. रिकाम्या पोटी सावजी रस्सा ओरपला की ठसका, डोळ्यांत पाणी, आणि मग ताकाची मागणी ठरलेली.

लहान मुलं सोबत असतील तर फोन करतानाच त्यांच्यासाठी साधं वरण, तेलाची जिऱ्याची फोडणी घातलेलं, वेगळं सांगून ठेवा.

सावधान: खूप भुकेने जाऊ नका. वाट बघताना समोरची दह्याची वाटी आधी संपते.

## ९. गोड आणि चहा

हॉटेलातलं जवळजवळ सगळं गोड खवा-दुधाचं असतं, संत्रा बर्फीसुद्धा. जिलबीत दही असू शकतं आणि ती तुपात तळलेली असू शकते. इथे हट्ट धरू नका. घरून फल्लीची चिक्की किंवा तिळगूळ न्या, हंगामात संत्री न्या. जेवणानंतर एक-एक संत्रं सोलून खाल्लं की तिखटही उतरतं.

चहा कोरा सांगा, लिंबू-गुळाचा. टपरीवर चहा दुधासकट एकाच पातेल्यात उकळत असतो, तेव्हा वेगळा टाकायला सांगावं लागतं. पाच मिनिटं थांबायची तयारी ठेवा. ज्यांना जेवणानंतर दुधाचाच चहा लागतो त्यांनी तो घरी जाऊन प्यावा, एका तासाने काही बिघडत नाही.

## १०. निघण्याआधी

बिल देताना आचाऱ्याला बोलावून किंवा मागे जाऊन सांगा, काय आवडलं ते नाव घेऊन: 'डाळकांदा चांगला झाला होता, वाटण छान भाजलं होतं.' नुसतं 'छान होतं' म्हणू नका. काय कमी पडलं तेही तिथेच सांगा. भाकरी करणाऱ्या बाईंपर्यंत निरोप पोहोचवा, त्यांना कोणी काही सांगत नाही.

मग गाडीत बसल्यावर, चव जिभेवर असेपर्यंत, प्रत्येकाने दोन गोष्टी सांगायच्या: कोणता पदार्थ पुन्हा मागवाल, आणि कुठे दूध-तुपाची आठवण आली. कागदाच्या मागे लिहून ठेवा. आमच्या कागदावर पहिल्या वेळी 'पुन्हा' या खाली पाटोडी आणि भरीत होतं, 'आठवण आली' या खाली एकच शब्द, वरण. दुसऱ्या वेळी मी फोनवर वरणाला तेल-लसणाची, लाल मिरचीची दणकून फोडणी सांगितली. सासूबाईंनी वाटी दोनदा भरून घेतली आणि तूप मागितलं नाही.

दुसऱ्या खेपेला त्याच जागी, त्याच माणसाला फोन करा. पहिल्या वेळी आठ मिनिटं लागलेलं बोलणं तेव्हा एका वाक्यात होतं: 'भाऊ, मागच्या बारीसारखंच, सहा जण, भाकरी बारा.'